सुरकुत्यांवरील इंजेक्शनानंतर वेदनाशामक गोळी घेताना

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तक्त्यांबरोबर एक आरोग्यशिक्षणपर लेख देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय वाचून आमच्या काही हितचिंतकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या अहवालात सुरकुत्या घालविण्याच्या इंजेक्शनांचे काय प्रयोजन, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही विचारला गेला. म्हणून आरंभीच एक खुलासा करणे उचित होईल. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. या निधीतील अथवा आपण दिलेल्या देणगीतील एक पैसाही सौंदर्योपचारावर खर्च होत नाही. हे उपचार आमच्या येथे केलेही जात नाहीत. मात्र ते अन्यत्र करून घेतलेले रुग्ण आमच्या तातडीच्या विभागात येतात. त्यांना तेथे आणणारे कारण बहुधा इंजेक्शन नसते. ते इंजेक्शननंतर घरी घेतलेली गोळी असते.

असाच एक प्रसंग या लेखास निमित्त झाला. साठीच्या घरातील एक गृहिणी नवरात्रात सायंकाळी आमच्याकडे आल्या. मुलाचे लग्न दिवाळीनंतर ठरलेले. त्यापूर्वी कपाळावरील व डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्यांसाठी त्यांनी शहरातच इंजेक्शने घेतली होती. दुसऱ्या दिवशी डोके जड झाले. घरात यजमानांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या होत्याच. त्यातील एक घेतली, बरे वाटले. मग दिवसातून तीन वेळा, सलग चार दिवस घेतल्या. उपवास चालू असल्याने पोटात शेंगदाणे आणि चहा यांपलीकडे फारसे काही नव्हते. शिवाय हृदयविकाराचा धोका म्हणून काही वर्षांपासून त्या रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेत होत्या. पाचव्या दिवशी डांबरासारखी काळी शौच झाली आणि स्नानगृहात भोवळ आली. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा जठरात रक्तस्राव करणारा व्रण आढळला. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. आठवड्याच्या आत त्या घरी गेल्या आणि लग्नही यथास्थित पार पडले.

त्यांना आम्ही विचारले, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना ॲस्पिरिनविषयी सांगितले होते काय? त्या म्हणाल्या, “ते काय औषध आहे? ती तर रोजची गोळी.” हे उत्तर आम्हांस फार बोलके वाटले. रोज घेतली जाणारी वस्तू औषधाच्या मोजणीतून सुटते आणि घरात असलेली गोळी घराच्या मालकीची होते. आमच्याही प्रवेशपत्रिकेवर तोवर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ एवढाच प्रश्न होता. आता त्याखाली आम्ही आणखी एक ओळ छापून घेतली आहे: ‘घरातील दुसऱ्या कोणाची गोळी गेल्या आठवड्यात घेतली आहे काय?’

आता मूळ इंजेक्शनाविषयी थोडेसे. सर्वसामान्यांच्या तोंडी असलेले बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव असून आतील द्रव्य बोटुलिनम टॉक्सिन हे आहे. हे द्रव्य एका जिवाणूपासून मिळते. नासलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन जर्मनीतील युस्टिनुस केर्नर या वैद्याने १८२०च्या सुमारास केले आणि सॉसेजच्या लॅटिन नावावरूनच या विषाला आजचे नाव मिळाले. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश ते काही काळ अडविते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी त्याचा उपयोग तिरळेपणासाठी करून पाहिला. अमेरिकेत १९८९ साली त्यास डोळ्यांच्या विकारांसाठी परवानगी मिळाली, आणि भुवयांमधील उभ्या रेषांसाठी ती २००२ साली मिळाली. म्हणजे विषाचे औषध आधी झाले व सौंदर्यप्रसाधन नंतर. सेरेब्रल पाल्सीमुळे पायांचे स्नायू आखडलेली मुले, अर्धांगवायूनंतर घट्ट मिटलेली मूठ, चेहऱ्याच्या एका बाजूचे सततचे फडफडणे, या विकारांत आजही त्याचा मोठा आधार आहे. अशा रुग्णांच्या नातेवाइकांनीही हा लेख आपल्यासाठीच आहे असे समजावे. फक्त बालकांना वेदनाशामकाची मात्रा वजनावरून ठरते, ती घरच्या अंदाजाने देऊ नये आणि तापात मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.

चेहऱ्यावरील इंजेक्शनची वेदना किती असते? सुई केसासारखी बारीक असते. टोचताना चुरचुरते, थोडी लाली व बारीक फुगवटा येतो आणि तो बहुधा काही तासांत ओसरतो. काहींना त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी डोकेदुखी होते. एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी दुखावल्यास काळानिळा डाग पडतो व तो जाण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. औषधाचा परिणाम दोन ते चार दिवसांनी दिसू लागतो, पूर्ण दोन आठवड्यांनी दिसतो आणि सामान्यतः तीन ते चार महिने टिकतो. तेव्हा ही वेदना एक-दोन दिवसांची आहे. तिच्यासाठी आठवडाभर गोळ्या घेण्याची वेळ आली, तर तिचे कारण दुसरेच कोठे तरी शोधावयास हवे.

गोळीच्या आधी घरगुती उपायांकडे वळावे असे आम्ही एरवी सांगतो. येथे मात्र त्यातही तारतम्य हवे. डोके दुखले की कपाळाला बाम चोळावा, फडके घट्ट आवळून बांधावे, सुनेकडून वा लेकीकडून तेल लावून डोके चेपून घ्यावे, ही आपल्याकडील रीत. इंजेक्शनच्या दिवशी या सर्व गोष्टी वर्ज्य आहेत. चोळण्याने व दाबण्याने औषध शेजारच्या स्नायूकडे सरकून पापणी उतरण्याचा संभव असतो. पहिले चार तास आडवे होऊ नये, असेही डॉक्टर सांगतात. बर्फाचे तुकडे स्वच्छ रुमालात गुंडाळून, दाब न देता, पाच-दहा मिनिटे टेकविले तर दुखणे व डाग दोन्ही कमी होतात. पुष्कळांना एवढ्यानेच पुरते.

तरीही गोळी हवीशी वाटली, तर पहिली निवड पॅरासिटामॉलची. रक्त गोठविण्याचे काम करणाऱ्या बिंबाणूंवर, म्हणजे प्लेटलेटवर, नेहमीच्या मात्रेत तिचा उल्लेखनीय परिणाम होत नाही. त्यामुळे डाग वाढण्याची भीती नसते. जठरालाही ती सौम्य आहे. प्रौढ व्यक्तीने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. पुन्हा लागल्यास सहा तासांनी. चोवीस तासांची कमाल मर्यादा निरोगी प्रौढास ४ ग्रॅम सांगितली जाते. पण डॉक्टरांना न विचारता ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा आमचा आग्रह आहे. ज्यांचे वजन ५० किलोपेक्षा कमी आहे, ज्यांना यकृताचा विकार आहे, जे नित्य मद्यपान करतात अथवा ज्यांचे दीर्घ उपवास चालू आहेत, त्यांची मर्यादा याहून खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

ही निरुपद्रवी वाटणारी गोळी जेथे घात करते ती जागा म्हणजे नावांचा घोळ. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे वेगळी. आतील औषध एकच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत आणि अंगदुखीच्या मिश्रगोळ्यांतही तेच असते. समजा, एखाद्याने डोकेदुखीसाठी ६५०ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली: २,६०० मिलिग्रॅम. नाक चोंदले म्हणून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीन वेळा: १,५००. गुडघ्यासाठी ३२५ची मिश्रगोळी दोन वेळा: ६५०. बेरीज ४,७५० होते आणि त्या गृहस्थांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी तीन वेगवेगळी, साधी औषधे घेतलेली असतात. यकृताला दुकानातील नावे कळत नाहीत. यासाठी पाकिटावरील ठळक नावाऐवजी पट्टीच्या मागील बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. ती अक्षरे फारच बारीक असतात हे खरे. आमच्या औषध खिडकीवर यासाठी एक भिंग ठेवले आहे, त्याचा उपयोग करण्यात संकोच बाळगू नये.

दुसरा वर्ग आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, निमेसुलाइड आदी दाहशामक गोळ्यांचा. त्यांचे कार्य कसे चालते हे ब्रिटिश संशोधक जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती वेदना व सूज निर्माण करतात, पण जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तीच सांभाळतात. गोळी वेदना थांबविते, तेव्हा ही दोन्ही कामेही मंदावतात. मूत्रपिंडाचे उदाहरण द्यावयाचे तर आपल्या गिधाडांचे द्यावे लागेल. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांचे मृत मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके हळवे नाही. पण रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन वा रामिप्रिलसारखे औषध व लघवी वाढविणारी गोळी एकत्र घेणाऱ्या, मधुमेही किंवा साठी ओलांडलेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड या गोळीच्या भाराने अचानक थकू शकते. निमेसुलाइडविषयी शासनानेही टप्प्याटप्प्याने हात आखडला आहे: १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ साली, आणि १०० मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या गोळ्यांवर २०२५च्या डिसेंबरअखेर बंदी आली.

सुरकुत्यांच्या इंजेक्शनानंतर या वर्गाचे आणखी एक वैगुण्य असे, की बहुतेक गोळ्या बिंबाणूंना शिथिल करतात व डाग वाढवितात. आयबुप्रोफेनचा हा परिणाम साधारण एका दिवसात जातो. ॲस्पिरिनचा मात्र त्या बिंबाणूच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. इटोरिकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या बिंबाणूंना धक्का लावीत नाहीत, म्हणून त्या बऱ्या, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. याच कुळातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढविते म्हणून २००४ साली जगभरातून मागे घेतली गेली. एका दिवसाच्या डोकेदुखीसाठी हृदयरोग्याने त्या वाटेला जाऊ नये.

येथून आम्ही सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. वरील माहिती अर्धवट ऐकून काही जण उलट टोक गाठतात. गतवर्षी रक्तदाब तपासणीस आलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या कपाळावर सुईच्या बारीक खुणा होत्या. हो, पुरुषही हे उपचार घेतात, आणि स्त्रियांपेक्षा अधिक लपवितात. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून पाच महिने झाले होते. डाग पडू नये म्हणून कोणा आप्ताच्या सांगण्यावरून त्यांनी ॲस्पिरिन व तिच्या जोडीची गोळी, दोन्ही परस्पर बंद केल्या होत्या. त्याला आठ दिवस लोटले होते. त्या आठ दिवसांत स्टेंटमध्ये गुठळी झाली नाही, हे केवळ दैव. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच खुर्चीत बसवून त्यांना गोळी दिली. चेहऱ्यावरील डाग दोन आठवड्यांत जातो. बंद पडलेली रक्तवाहिनी थांबत नाही. स्टेंट, बायपास, पूर्वीचा अर्धांगवायू, कृत्रिम झडप यांसाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी सौंदर्योपचारासाठी आपण होऊन कदापि बंद करू नये. ही इंजेक्शने त्या गोळ्या चालू ठेवूनही देता येतात. बारीक सुई, बर्फ आणि टोचल्या जागी क्षणभर हलका दाब एवढी काळजी डॉक्टर घेतात. मात्र त्यांना ते आधी सांगितलेले असले पाहिजे. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी तर इंजेक्शनपूर्वी आपला आयएनआर तपासून घ्यावा. आणखी एक सूक्ष्म बाब: आयबुप्रोफेन आधी पोटात गेले तर ते ॲस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणते. म्हणून हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी वेदनेसाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. लसूण, माशाचे तेल, ई जीवनसत्त्व यांच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही सांगाव्यात. आमटीच्या फोडणीतील लसणाची चिंता नको.

मिश्रगोळ्यांबाबत एक सावधगिरी या इंजेक्शनापुरती विशेष आहे. पाठदुखी व मानदुखीसाठी आपल्याकडे वेदनाशामकाबरोबर क्लोरझॉक्साझोन किंवा थायोकॉल्चिकोसाइड हे स्नायू सैल करणारे द्रव्य घातलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. बोटुलिनमही स्नायू सैल करते. दोन्ही एकत्र आल्यास अशक्तपणा वाढू शकतो. जेंटामायसिन, अमिकासिन या प्रतिजैविकांच्या इंजेक्शनांनीही टॉक्सिनचा परिणाम वाढतो. म्हणून इंजेक्शन घेतल्यावर पुढील तीन-चार महिने दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही गोष्ट लपवू नये. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा विकार असलेल्यांनी हे इंजेक्शनच टाळावयाचे असते.

पुण्यात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंग्यूचे रुग्ण येतात. या काळात इंजेक्शनानंतर डोके दुखले आणि सोबत ताप आला, तर तो इंजेक्शनचा परिणाम समजून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. डेंग्यूत बिंबाणू आधीच घटतात. त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल व भरपूर पाणी घ्यावे आणि रक्त तपासून घ्यावे.

काही वेदना मात्र गोळीने शमवावयाच्याच नसतात. सुरकुत्यांसाठी दुसरे एक इंजेक्शन दिले जाते, ते पोकळी भरून काढणारे फिलर. त्यानंतर वेदना तीव्र होत असेल, त्वचा पांढरीफटक अथवा जाळीदार निळसर दिसत असेल, किंवा दृष्टी अंधुक झाली, तर रक्तवाहिनी बंद पडल्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे म्हणजे डोळा गमावण्याची जोखीम घेणे होय. तत्क्षणी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे वा मोठ्या रुग्णालयात जावे. बोटुलिनमनंतर गिळणे, बोलणे किंवा श्वास घेणे जड वाटू लागले, एकाचे दोन दिसू लागले, तर मधे काही दिवस गेले असले तरी तातडीच्या विभागात यावे. पोटात आग, काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे ही गोळीच्या अपायाची लक्षणे होत. येताना सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणाव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा. आमच्याकडे बहुतेक जण रंगावरून औषध सांगतात. पांढरी गोल गोळी म्हटल्यावर आमच्या डॉक्टरांस काहीच उमगत नाही.

औषधाचा अपाय झाल्यास त्याची नोंद करण्याची सोय शासनाने केली आहे. भारतीय औषध सुरक्षा निरीक्षण कार्यक्रम २०१०पासून चालू असून त्याची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी उपलब्ध असते. रुग्णांनी स्वतः भरावयाचा अर्ज मराठीतही मिळतो. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाचे केंद्र आहे. आरंभी उल्लेखिलेल्या गृहिणींचा अर्ज आमच्या परिचारिकांनी त्यांच्या खाटेशेजारी बसून भरून घेतला. त्यात ‘औषध कोणी सुचविले’ असे विचारल्यावर त्यांनी यजमानांकडे पाहिले, आणि यजमानांनी खिडकीबाहेर.